हातमोजे काढल्याचं कारण

घड्याळजीच्या दुकानात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्याला हमखास वाटायचं, की आत नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण जुंपलंय.

"डावीकडे. डावीकडे गं! तुझ्या डावीकडे नव्हे, स्क्रूच्या डावीकडे!"

"स्क्रूला कुठली आलीय डावी-उजवी?"

"हळू... अगं हळू म्हणतोय ना... गेली! उडाली स्प्रिंग. शोध आता."

की दोघंही टेबलाखाली, आणि गिऱ्हाईक बंद पडलेलं घड्याळ हातात धरून उभं. थोड्या वेळाने बायको वर यायची, गुडघे झाडायची आणि भिंगाने मोठ्या झालेल्या एका डोळ्याने गिऱ्हाइकाकडे बघत शांतपणे विचारायची, "काय होतंय? मागे पडतंय की थांबतंय?"

गोष्ट अशी होती की त्या दुकानात विद्या नवऱ्याची होती आणि हात बायकोचे. घड्याळजीचे दोन्ही अंगठे शाबूत होते. बाकीची आठही बोटं मधल्या पेराशी संपत होती. त्यांची टोकं गुळगुळीत, तुकतुकीत, थंडीत जांभळी पडणारी. अंगठा आणि तळवा यांच्या चिमटीत तो चमचा धरायचा, पेन धरायचा, दाराची कडी काढायचा. पण खसखशीच्या दाण्याएवढा स्क्रू धरायचा म्हणजे त्याला बायकोच हवी.

दुकान वडिलांचं. लढाईआधी वडील गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचे, "माझ्या पोराच्या बोटांना डोळे आहेत." आता घड्याळ कानाला लावलं की त्याला अजूनही नेमकं कळायचं: कुठल्या चाकाचा दात झिजलाय, कुठे तेल वाळलंय, कुठे केसभर वाकलंय. कळायचं, आणि कळून बसून राहावं लागायचं. बायको आत गेली की तो कधीकधी गुपचूप चिमटा उचलायचा. तीन वेळा निसटायचा, चौथ्या वेळी काच तडकायची. मग ते घड्याळ खालच्या खणात, कापडाखाली. बायकोला तो खण ठाऊक होता. तिने कधी विषय काढला नाही, आणि तिने काढला नाही म्हणूनही तो चिडायचा.

ती मूळची शिवणकाम करणारी. लढाईनंतर, हात असे झाल्यावर त्याच्याशी लग्न केलं तेव्हा तिचा हिशेब सरळ होता, की सुई धरणारा हात चिमटाही धरील. धरलाही. पण त्याला वर्षं लागली, आणि त्या वर्षांत ओरडून ओरडून त्याच्या घशाला कोरड पडली. ओरडून झालं की त्याला स्वतःचा राग यायचा, आणि स्वतःचा राग आला की तो पुन्हा तिच्यावरच निघायचा.

हे सगळं त्याने एक वेळ पचवलं असतं. पण कपाटात एक कागद होता. फौजेतून सुटताना मिळालेला छापील दाखला. त्यात एक रकाना होता, 'हातमोजे काढल्याचं कारण', आणि पुढे टाइप केलेलं, 'निश्चित नाही.' त्याखाली शेरा: 'इजा स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.' जखमी सैनिकाला मिळणारा बिल्ला त्या शेऱ्यापायी त्याला मिळाला नव्हता. बिल्ला गेला तर गेला. पण निष्काळजी? ज्याने उभ्या आयुष्यात घड्याळाचा एक स्क्रू कधी इकडचा तिकडे ठेवला नाही, तो निष्काळजी? नुसता शब्द आठवला तरी त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आता काय घडलं होतं ते सांगितलं पाहिजे.

तो बॉम्बफेकी विमानात वायरलेसवर होता. आत सात माणसं. पुढे कप्तान, जो विमान चालवायचा, त्याच्या आजूबाजूला हा आणि आणखी चौघं, आणि सगळ्यांत मागे, शेपटीच्या टोकाला, काचेच्या पिंजऱ्यात मशीनगन घेऊन एकटा बसणारा सातवा. त्याला सगळे शेपट्या म्हणत. मोठ्या आवाजाचा, हसरा, थापाड्या, पण नजर घारीची. मागून येणारं शत्रूचं विमान पहिल्यांदा त्यालाच दिसायचं. त्याची नजर चुकली की सातही जण गेलेच.

तेविसावी फेरी होती. भर दुपारची, लख्ख ऊन, आणि वर वीस हजार फुटांवर थंडी अशी की थुंकी हवेतच गोठावी. त्या उंचीवर प्रत्येकाच्या तोंडावर मास्क आणि मास्कला ऑक्सिजनची नळी. प्रत्येकाच्या हातात एकावर एक तीन हातमोजे: आत रेशमी, मध्ये लोकरी, वर चामड्याचा. उघडा हात धातूला लागला तर चिकटतो, म्हणून वर असताना हातमोजे काढायचे नाहीत असा सक्त हुकूम भिंतीवर लावलेला.

कप्तान दर दहा मिनिटांनी सगळ्यांना हाक मारायचा. त्या दिवशी शेपट्याची ओ आली नाही. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदाही नाही.

"घड्याळजी, बघ जरा मागे," कप्तान म्हणाला.

तो छोटी ऑक्सिजनची बाटली गळ्यात अडकवून विमानाच्या पोटातून रांगत मागे गेला. पिंजऱ्याचं दार ओढून उघडलं तर शेपट्या बंदुकीवर मान टाकून पडलेला, ओठ निळे. नळीचा सांधा सुटला होता. सांध्यावर जो पत्र्याचा चाप असतो तो नव्हताच. त्याच्या जागी सुतळीचा तुकडा बांधलेला, तोही आता सैल. घड्याळजीने नळी पुन्हा आत सारायचा प्रयत्न केला. चामड्याच्या जाड बोटांना ते बारीक कडं सापडेना. चामड्याचा मोजा काढला. लोकरीचा काढला. तरी जमेना. मग रेशमीही दातांनी ओढून काढला, दोन्ही हातांचा. उघड्या बोटांनी सांधा एका क्षणात बसला.

पण तो टिकेना. चाप नाही म्हटल्यावर हात काढला की नळी सुटायची. एका हाताने दाबलं तर दुसरीकडून हवा निसटायची. शेवटी त्याने आठही बोटांनी त्या सांध्याभोवती कडं केलं आणि धरून ठेवलं.

पाच मिनिटांत शेपट्याने डोळे उघडले. त्याने मागे वळून घड्याळजीकडे पाहिलं, त्याच्या उघड्या हातांकडे पाहिलं. काही बोलणार तेवढ्यात काचेपलीकडे एक ठिपका मोठा होताना त्याला दिसला आणि तो बंदुकीवर वाकला. दोन विमानं होती. एकाला त्याने पेटवलं, दुसरं वळून पळालं. तेवढा सगळा वेळ घड्याळजी त्याच्या पाठीला चिकटून नळी धरून होता. सुरुवातीला बोटं जळत होती. नंतर काहीच लागेना, आणि त्याला बरं वाटलं की चला, दुखायचं थांबलं. बरोबरची विमानं सोडून कप्तानाला मध्येच खाली उतरता येत नव्हतं. उतरला तेव्हा वीस मिनिटं झाली होती. नळीवरून हात सोडवले तर बोटांची कातडी नळीलाच राहिली.

दुसऱ्या दिवशी कप्तान इस्पितळात आला. बँडेजचे दोन गोळे बघून बराच वेळ टोपी फिरवत बसला. मग म्हणाला, "तुझी नोंद मी स्वतः लिहिणार आहे. दोन ओळींत उरकायची नाही. परवा एक फेरी आहे, ती झाली की शांतपणे बसून लिहितो."

परवाची फेरी झालीच नाही म्हणायची. विमान गेलं ते परत आलं नाही. कप्तान, बाकीचे चौघं, घड्याळजीच्या जागी दिलेला एक नवा वायरलेसवाला आणि शेपट्याच्या जागी बसलेला एक नवा गनर. शेपट्याने त्या सकाळी कान दुखतोय म्हणून डॉक्टरांना दाखवलं होतं, त्यामुळे तो खालीच राहिला. सातांच्या टोळीतले दोघं उरले: एक बोटांवाचून, एक कानदुखीने.

इस्पितळाच्या चौकशीत शेपट्याचा लेखी जबाब घेतला होता. त्यात त्याने लिहिलं होतं, 'माझा ऑक्सिजन व्यवस्थित चालू होता. वायरलेसवाला मागे का आला ते मला माहीत नाही.'

बस, एवढंच. या दोन वाक्यांवर तो शेरा उभा होता.

घड्याळजीने पहिला अर्ज केला, दुसरा केला, तिसरा केला. लढाईतल्या जखमींच्या कचेरीत तळमजल्यावर एक लांब बाक होता. त्या बाकाची कुठली फळी करकरते हे त्याला पाठ झालं. कारकून बदलत गेले, प्रश्न तोच राहिला.

"साक्षीदार?"

"पाच जण मेले. एक आहे."

"मग त्याला आणा."

"त्याने आधीच उलटा जबाब दिलाय."

"मग कसं होणार?" कारकून म्हणायचा, आणि पुढच्या माणसाकडे बघायचा.

अकरा वर्षांत सहा अर्ज झाले. या अकरा वर्षांत घड्याळजी एकदाही शेपट्याकडे गेला नाही. तो त्याच शहरात होता, सात नंबरच्या बसवर कंडक्टर. दर वर्षी जुन्या वैमानिकांचा मेळावा भरायचा, तिथे दोघं भेटायचे. जेवणं झाली की कोणीतरी म्हणायचं, "शेपट्या, ती दोन विमानांची गोष्ट होऊ दे," आणि शेपट्या उठायचा. हातवारे, बंदुकीचे आवाज, सगळं. लोक हसून हसून बेजार. विमानं कधी दोनाची तीन व्हायची. गोष्टीत पिंजरा होता, ऊन होतं, पेटलेलं विमान गिरक्या घेत खाली जात होतं. नळी मात्र नव्हती. घड्याळजी खुर्चीवर बसून समोरच्या रिकाम्या ताटाकडे बघत राहायचा. घरी आला की दोन दिवस बोलायचा नाही.

"अहो, एकदा तोंडावर विचारा ना त्यांना," बायको म्हणायची.

"मी का विचारू? त्याला ठाऊक आहे. त्याने माझ्याकडे बघितलं होतं. यायचं तर त्याने यावं."

"आणि नाही आले तर?"

"तर नाही आला!"

शेवटी एका बुधवारी तिने दुकानाला लवकर कुलूप घातलं, कापड आणायला जाते असं सांगितलं आणि सात नंबरची बस पकडली. शेवटच्या थांब्याचं तिकीट मागितलं. शेपट्याने तिला ओळखलं नाही. मेळाव्याला बायका येत नसत. गाडी शेवटच्या थांब्याला पोचली. ती उतरली नाही. पुन्हा तिकीट काढलं. तिसऱ्या खेपेला त्याने विचारलं, "वहिनी, उतरायचं कुठे आहे तुम्हाला?"

"कुठेच नाही. तुम्ही लढाईच्या गोष्टी फार रंगवून सांगता असं ऐकलं, म्हणून आले."

शेपट्याला तेवढंच पुरे होतं. दुपारची गर्दी ओसरलेली, सात-आठ उतारू. दांडीला टेकून त्याने सुरुवात केली. ऊन, वीस हजार फूट, काचेचा पिंजरा, पहिलं विमान. समोरच्या बाकावरचे म्हातारे गृहस्थ पेपर मिटून ऐकू लागले. दुसरं विमान वळून पळालं तेव्हा दोघांनी टाळ्या वाजवल्या.

"छान," ती म्हणाली. "आणि नळी?"

"कुठली नळी?"

"तुमच्या मागे एक माणूस होता ना, उघड्या हातांनी नळी धरून? तो माझा नवरा."

शेपट्याचा हात घंटेच्या दोरीवर होता, तो तिथेच राहिला. एक थांबा गेला. उतारू ओरडला, तेव्हा कुठे त्याने दोरी ओढली. शेवटच्या थांब्याला सगळे उतरल्यावर तो पायरीवर बसला, टोपी काढली, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला,

"चाप मीच काढला होता वहिनी. खांद्याला टोचायचा. सुतळी बांधली होती. ते कळलं असतं तर मला शिक्षा झाली असती. मी म्हटलं, कप्तान आहे ना, तो खरं काय ते लिहील, माझ्या जबाबाने काय होतंय? आणि मग कप्तानच..." तो थांबला. "आणि त्याने कधी काही विचारलंच नाही. मला वाटलं, त्याने सोडून दिलं."

"सोडून दिलं?" ती उभी राहिली. "अकरा वर्षं झाली भावोजी, माणूस रोज ते एक वाक्य चघळतोय. तुम्ही कधी येताय म्हणून दाराकडे डोळे लावून बसलाय, आणि तुम्ही आलात की हाकलून देणार आहे. तरी या."

तिने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा घड्याळजी असा भडकला, की शेजारचा चांभार ठोकणं थांबवून ऐकत बसला.

"कोणी सांगितलं होतं तुला त्याच्या पाया पडायला?"

"पाया कोण पडलंय? तिकीट काढून गेले होते."

"माझी लाज काढलीस तू!"

"तुमची लाज त्या कपाटात आहे, दाखल्यात. मी ती काढून टाकायला गेले होते."

शेपट्या शनिवारी आला. दुकानात शिरला, दारातच उभा राहिला. घड्याळजीने मान वर केली नाही.

"घड्याळ बिघडलंय का?"

"नाही."

"मग गर्दी करू नकोस."

शेपट्या हलला नाही. बायकोने स्टूल पुढे सरकवलं. तो बसला आणि नळी, सुतळी, जबाब, सगळं एका दमात बोलून गेला, जसं काही दोरी ओढली की गाडी सुटणार आहे. घड्याळजी ऐकत होता. अकरा वर्षं त्याने या घटकेला काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एकही वाक्य त्याला आठवेना. तो एवढंच म्हणाला, "सोमवारी दहा वाजता कचेरीत ये. उशीर करू नकोस, तुला उशीर करायची खोड आहे."

सातवा अर्ज झाला. सुनावणी लागली. लांब टेबलामागे तीन जण. मधले अध्यक्ष, सौम्य आवाजाचे, प्रत्येक कागद आधी टेबलाच्या कडेला नीट समांतर ठेवणारे. शेपट्याने चापाचं सांगितलं, सुतळीचं सांगितलं. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

"त्या वेळच्या लेखी जबाबात तुम्ही म्हटलंय, ऑक्सिजन व्यवस्थित होता," अध्यक्ष म्हणाले.

"म्हटलंय."

"ते खोटं?"

"खोटं."

"मग आज सांगताय ते खरं, हे आम्ही कशावरून मानायचं?"

शेपट्या विचारात पडला. मग तो म्हणाला, "साहेब, आज मी काही लपवत नाहीये, हे तुम्हाला कळावं म्हणून आणखी एक सांगतो. विमान परत आलं नाही, त्या सकाळी माझा कान दुखत नव्हता."

"कसला कान?"

घड्याळजीने त्याची बाही ओढली. "गप्प बस," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"मला भीती वाटली होती साहेब. तेवीस वेळा गेलो, चोविसाव्यांदा पाय उचलेना. कान दुखतोय म्हणून खोटं सांगितलं. माझ्या जागेवर एक दुसरा पोरगा बसला. त्याची ती तिसरी फेरी होती."

अध्यक्षांनी समोरचा कागद थोडा सरळ केला.

बाहेरच्या जिन्यात घड्याळजी कडाडला, "कानाचं कोणी विचारलं होतं तुला?"

"कोणीच नाही विचारलं. कधीच कोणी विचारलं नाही."

"तू माझ्या नळीचं सांगायला आला होतास!"

"एक बाहेर काढलं की मागोमाग दुसरं येतं, मी काय करू?" शेपट्या म्हणाला, आणि कठड्याला धरून खाली बसला. घड्याळजीला त्याच्यावर आणखी ओरडायचं होतं. पण त्याला तसा बसलेला बघून ओरडवेना, आणि मग त्याला स्वतःचाच संताप आला, की याच्यावर धड रागावताही येत नाही.

महिन्याने उत्तर आलं. 'एकमेव साक्षीदार स्वतःच्याच कबुलीनुसार दोनदा खोटं बोललेला असल्याने त्याची साक्ष ग्राह्य धरता येत नाही. मूळ शेरा कायम.' त्याच टपालात शेपट्यालाही पत्र होतं, ते घेऊन तो दुकानात आला. कानाच्या बाबतीत दिलेल्या कबुलीवरून त्याला लढाईतल्या कामगिरीबद्दल मिळालेला बिल्ला परत का घेऊ नये, याचा खुलासा त्याने करावा.

घड्याळजीने दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. "हे बघ. माझ्या बाजूने बोलला तेव्हा हा खोटारडा. स्वतःच्या विरुद्ध बोलला की लगेच खरा! एकाच दिवशी, एकाच खोलीत, एकाच तोंडाने!"

"नेऊ देत बिल्ला," शेपट्या म्हणाला. "आता लावायची इच्छाही नाही."

"नेऊ देत काय? तुझ्या घरची जहागीर आहे? तेवीस वेळा गेला होतास, त्याचा आहे तो!"

बायको भिंगातून दोघांकडे बघत होती. "साक्षीदार लागेल," ती म्हणाली.

तर असं झालं, की त्याच बाकावर, त्याच करकरणाऱ्या फळीवर घड्याळजी पुन्हा जाऊन बसला, या खेपेला शेपट्याचा साक्षीदार म्हणून. आत गेल्यावर तो बसायला तयार होईना.

"उभ्यानेच सांगतो," तो म्हणाला. "विमानात आम्ही सहा जण एकमेकांच्या हाताच्या अंतरावर असायचो. कोणाचा खांदा लागायचा, कोणाचं गुणगुणणं कानावर यायचं. हा एकटा मागे, उलट्या तोंडाने. आम्ही कुठे जातोय ते याला कधी दिसलं नाही, फक्त कुठून आलो ते दिसायचं. असा हा तेवीस वेळा बसला. ज्या दिवशी याची शुद्ध गेली, त्या दिवशीही शुद्धीवर आल्यावर याने आधी बंदूक धरली, नंतर श्वास घेतला. आम्ही सातही जण त्या दिवशी जिवंत उतरलो ते याच्यामुळे."

"आणि चोविसावी फेरी?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी इस्पितळात होतो. सकाळी विमानांचा आवाज ऐकला. आपली माणसं चाललीत हे कळलं. तेव्हा मला काय वाटलं सांगू? सुटलो, असं वाटलं. बोटं गेली, पण आज जायचं नाही. माझं दुखणं खरं होतं, याचं खोटं. पण आतून आम्ही दोघं सारखेच सुटलो होतो. बिल्ला काढून घ्यायचा तर त्यासाठी माझाही काढा. पण माझा, जखमीचा, तुम्ही मला दिलेलाच नाही."

शेपट्या खिडकीकडे तोंड करून उभा होता. हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. बायकोलाही. घड्याळजीने तिला कधी सांगितलं नव्हतं.

निकाल त्याच दुपारी लागला. खालच्या खिडकीत कारकुनाने नक्कल दिली. घड्याळजीने ती अंगठ्याखाली दाबून वाचली: 'साक्षीदार जबाबदार आणि पूर्णपणे विश्वासार्ह असल्याचं समितीचं मत आहे. बिल्ला कायम.'

त्याने ती ओळ दोनदा वाचली आणि कागद खिडकीतून पुन्हा आत सारला.

"हा साक्षीदार मी."

"हो ना, काका."

"मी विश्वासार्ह."

"इथे तसंच लिहिलंय."

"जबाबदार."

"हो."

"मग माझा सातवा अर्ज काढा. त्यात मीच सांगितलंय, हातमोजे का काढले ते. विश्वासार्ह माणसाने सांगितलंय. जबाबदार माणसाने. मग निष्काळजी कुठला राहतो?"

कारकून तरुण होता, मनाने वाईट नव्हता. त्याने कागद पाहिला, मागच्या कपाटाकडे पाहिलं, आणि खरोखरच वाईट वाटल्यासारखा म्हणाला, "काका, ती फाइल वेगळी."

घड्याळजीच्या वाटचं बायको बोलली. त्या कचेरीत इतक्या चढ्या आवाजात कोणी बोललं नसेल. वेगळी म्हणजे काय, माणूस एकच ना, त्या फायलीतला हात वेगळा आणि या फायलीतला वेगळा आहे का, असलं बरंच काही. बाकावरचे लोक उठून उभे राहिले. कारकून खालमानेने ऐकत राहिला, आणि तिचं संपल्यावर त्याने खिडकीतून एक कोरा फॉर्म बाहेर सरकवला. "नवीन अर्ज करता येईल," तो म्हणाला. "ही नक्कल सोबत जोडा."

त्या आठव्या अर्जाचंही पुढे काही झालं नाही, हे आत्ताच सांगून टाकतो. पाच महिन्यांनी उत्तर आलं, की आधीच्या निर्णयात फेरबदल करण्यास पुरेसं कारण दिसत नाही. शेरा आजही तसाच आहे. घड्याळजी त्यानंतर सतरा वर्षं जगला, आणि आठावर अर्ज थांबले ते काही त्याचं मन शांत झालं म्हणून नव्हे. कचेरीच बंद झाली. फायली कुठे गेल्या हे विचारायला तो आणि शेपट्या चार ठिकाणी हिंडले, आणि चारही ठिकाणी त्यांना पाचव्या ठिकाणी पाठवलं.

पण त्या दुपारी हे काही ठाऊक नव्हतं. बंद व्हायला दहा मिनिटं होती. घड्याळजीने फॉर्म खिडकीच्या फळीवर ठेवला, पेनाचं टोपण दातांनी काढलं आणि उभ्या उभ्याच लिहायला लागला. फळी उतरती होती. कागद सारखा खाली घसरत होता. तो चडफडत पुन्हा वर ओढायचा आणि अक्षर वाकडं जायचं.

"उद्या सकाळी आणलंत तरी चालेल," कारकून म्हणाला.

"उद्या दुकान आहे," घड्याळजी मान वर न करता म्हणाला.

कागद पुन्हा घसरला. तेव्हा शेपट्या पुढे झाला, आपला रुंद पंजा त्याने कागदाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि दाबून धरला. घड्याळजीने त्या हाताकडे एकदा रागाने पाहिलं.

"जरा वर घे," तो म्हणाला, "माझी ओळ झाकतोयस."

शेपट्याने हात बोटभर वर घेतला, आणि घड्याळजी पुढचं लिहायला लागला.